थीब्जच्या म्हाताऱ्यांना रंगमंचावर राहू द्या

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील हौशी नाट्यसंस्थांच्या व महाविद्यालयीन नाट्यमंडळांच्या दिग्दर्शकांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामासाठी संहिता निवडण्याचे काम आपल्यापैकी अनेकांकडे सुरू असेल. दर दोन-चार वर्षांनी होते तसे यंदाही कोणीतरी प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लिसचे ‘अँटिगनी’ काढील, कोणी ‘भाऊबंदकी’तला रामशास्त्र्यांचा प्रवेश बसवील, आणि अन्यायी सत्तेपुढे एकट्याने उभ्या राहणाऱ्या माणसावर नव्याने लिहिलेल्या दोन-तीन एकांकिका तर ठरलेल्याच असतात. हा विषय आपल्या भागातल्या रंगभूमीला सोडवत नाही, याचा मला आनंदच आहे. पण तो रंगमंचावर पोहोचेपर्यंत त्याची जी गत होते तिच्याबद्दल तालमी सुरू होण्याआधीच काही स्पष्ट लिहावे, असे वाटल्याने हे पत्र.

या विषयावरचे जे प्रयोग अलीकडे पाहिले त्यांत दोन गोष्टी इतक्या नेमाने होताना दिसल्या की त्यांना आता प्रथाच म्हणावे लागेल. सत्ताधाऱ्याला सरळसरळ खलनायक करून टाकायचे, ही पहिली. आणि नगरातल्या वृद्धांचा कोरस, म्हणजे रंगमंचावर राहून घटनांवर बोलणारा-गाणारा मेळा, वेळेअभावी कापून टाकायचा, ही दुसरी. ‘अँटिगनी’च्या एका प्रयोगात राजा क्रेऑन काळा चष्मा लावून, हातात वेताची छडी घेऊन लाल प्रकाशात येत असे आणि तोंडातून पहिले वाक्य निघण्याआधीच एका सेवकाला लाथ घालीत असे. प्रेक्षागृहातून हशाही मिळाला आणि टाळ्याही. त्या लाथेनंतर मात्र त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज कोणालाच उरली नाही, आणि पुढचा तासभर आम्ही सगळे अँटिगनीच्या बाजूने निर्धास्त बसून राहिलो. माझी तक्रार आहे ती या निर्धास्तपणाबद्दल.

नाटकाची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराचे हे नाटक. इडिपसच्या दोन मुलांत थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीवरून युद्ध झाले. पॉलिनायसिस परक्यांची फौज घेऊन आपल्याच शहरावर चालून आला, इटिओक्लिस शहराच्या बाजूने लढला, आणि दोघेही एकमेकांच्या हातून मेले. त्यांचा मामा क्रेऑन गादीवर आला आणि त्याने हुकूम काढला की इटिओक्लिसला मानाने पुरावे, पॉलिनायसिसचे प्रेत मात्र कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर पडू द्यावे, आणि त्याला जो कोणी माती देईल त्याला देहदंड व्हावा. बहीण अँटिगनी माती देते. पुढे जे घडते ते या एका मूठभर मातीमुळे.

आता हा हुकूम काढताना क्रेऑन जे भाषण करतो ते एकदा चष्मा आणि छडी बाजूला ठेवून वाचावे. ज्याला आपल्या देशापेक्षा आपला सोयरा जवळचा वाटतो त्याची माझ्या लेखी किंमत शून्य आहे, शहराचे गलबत तरले तरच आपली मैत्री आणि नाती तरतात, शहरावर संकट येताना दिसले तर मी तोंड मिटून बसणार नाही, असे तो म्हणतो. कालपर्यंत वेढ्यात असलेल्या शहराच्या नव्या कारभाऱ्याने याहून वेगळे काय बोलायला हवे होते? नाटक लिहिले गेल्यावर जवळपास शंभर वर्षांनी, इसवी सनापूर्वी 343 मध्ये, अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस याने आपला प्रतिस्पर्धी इस्किनिस याच्यावर वकिलातीत देशाचे हित विकल्याचा खटला चालवला, तेव्हा त्याने हेच भाषण न्यायसभेपुढे वाचायला लावले, आणि तेही राष्ट्रनिष्ठेचा नमुना म्हणून. गंमत अशी की इस्किनिस पूर्वी नट होता आणि क्रेऑनचे काम त्याने केलेले होते. रंगमंचावर जे म्हटलेस ते वागण्यात का आणले नाहीस, असा डिमॉस्थेनिसचा टोमणा होता. ज्या भाषणाला अथेन्सच्या न्यायसभेत देशभक्तीचे भाषण म्हणून स्थान मिळाले, ते आपण खलनायकाच्या खर्जात म्हणवून घेतो.

हुकूमही अगदी आभाळातून पडलेला नाही. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत पुरू नये, असा नियम खुद्द अथेन्समध्ये होता, त्यामुळे पहिल्या प्रयोगाला बसलेल्या नागरिकांना क्रेऑनचा विचार ओळखीचा वाटला असणार. फरक एवढाच की अथेन्सचा नियम प्रेताला सीमेबाहेर घालवत असे आणि बाहेर त्याला कोणी माती दिली तर त्याला आडकाठी नव्हती. क्रेऑन ते प्रेत डोळ्यांसमोर ठेवून त्याच्यावर पहारे बसवतो. हे अंतर थोडेच आहे, पण रास्त आज्ञेची अन्यायी आज्ञा होते ती तेवढ्याच अंतरात. प्रेक्षकाला ते अंतर त्या माणसाबरोबर चालून पार करायला लावणे हे दिग्दर्शकाचे काम आहे; क्रेऑन आरंभीच लाथ मारीत आला तर तो आधीपासूनच पलीकडे उभा असतो आणि चालणे उरतच नाही.

शिवाय क्रेऑनचा दोष क्रौर्याचा आहे, हे मला संहितेत कुठे सापडत नाही. त्याचा दोष असा की त्याच्या कानावर पडणारा प्रत्येक आक्षेप त्याला कारस्थान वाटतो. पहारेकरी प्रेताला माती पडल्याची बातमी घेऊन येतो, तर क्रेऑनला वाटते याने पैसे खाल्ले. वृद्ध चाचरत म्हणतात, यात देवांचा हात तर नसेल, तर तो त्यांच्यावर खेकसतो. अँटिगनीची बहीण इस्मिनी हिने काही केलेले नसताना तिलाही तो कटात ओढतो. पोटचा मुलगा हीमॉन समजवायला येतो, तर तो बाईचा गुलाम ठरतो. शेवटी आंधळा द्रष्टा टायरेसियस येऊन सांगतो की पक्षी आणि कुत्री त्या प्रेताचे लचके वेदींवर आणून टाकत आहेत, होम पेटत नाहीत, मेलेल्याला पुन्हा मारण्यात कसला पराक्रम; तर त्यालाही ऐकावे लागते की द्रष्ट्यांची जातच पैशाची लोभी. संशयाची ही पायरी-पायरीने चढत जाणारी वाट हे या भूमिकेचे खरे मर्म आहे आणि नटाला कस लावणारे कामही तेच आहे. पहिल्या पायरीवर ज्याच्याशी आपण सहमत होतो तोच माणूस पाचव्या पायरीवर ओळखू येईनासा होतो, आणि नेमका कुठल्या पायरीवर आपण त्याला सोडले हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

एका बारकाव्याकडे विशेष लक्ष वेधतो, कारण तो बहुतेक प्रयोगांत गाळलेला असतो. हुकुमात शिक्षा भर चौकात दगडांनी ठेचून मारण्याची होती. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा क्रेऑन ती बदलतो आणि अँटिगनीला एका खडकातल्या पोकळीत जिवंत कोंडायला सांगतो, वर शहराला पाप लागू नये म्हणून जेमतेम पुरेल एवढे अन्न आत ठेवायला सांगतो. म्हणजे ती मेली तर आपली आपण मेली, हात आमचे कोरडेच. ज्यांनी सरकारी दफ्तरांतली भाषा जन्मभर वाचली आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. शंभर लाथांपेक्षा या एका वाक्याने अंगावर काटा येतो, पण त्यासाठी ते वाक्य शांत, विचारी, पापभीरू माणसाच्या तोंडून यावे लागते.

यावर कोणी म्हणेल की मग आपण सत्तेचीच वकिली करता काय? हेगेलसारख्या मोठ्या तत्त्वज्ञाने या नाटकात दोन रास्त पक्षांची टक्कर पाहिली आणि दोघांचाही दोष एकांगीपणाचा ठरवला. अनेक प्राध्यापक अजून तेच शिकवतात. मला ते पटत नाही. नाटकाने स्वतःच निवाडा दिलेला आहे. टायरेसियसच्या तोंडून देव बोलतात, आणि ते अँटिगनीच्या कृत्याच्या बाजूने बोलतात. क्रेऑनला युक्तिवाद असावा, एवढेच माझे मागणे आहे, तो बरोबर ठरावा असे नाही. युक्तिवाद नसलेली सत्ता प्रेक्षकाला कधी भुरळ घालीत नाही, आणि जिची भुरळच पडली नाही तिच्या अन्यायाबद्दल तो प्रेक्षक घरी जाऊन स्वतःला काही विचारीतही नाही. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केले तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती, आणि आत्मचरित्रात त्या राजाच्या सुरुवातीच्या शहाणपणाची दखल घेऊन मगच त्याच्या आंधळ्या हट्टाबद्दल ते लिहितात. ज्याला सत्तेने तुरुंगात घातले होते, त्याला सत्ताधाऱ्याची बाजू आतून समजून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

अँटिगनीच्या बाबतीतही असेच. ती देवी नाही. धाकटी बहीण भीतीपोटी मागे सरते तेव्हा ती तिला तोडून बोलते, आणि तीच बहीण नंतर मरणात वाटा मागायला येते तेव्हाही तिला जवळ करीत नाही. शेवटच्या भाषणात ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केले नसते, आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही म्हणून केले. हा भाग पुढे कोणीतरी घुसडलेला निघावा, अशी इच्छा जर्मन कवी गोएटेने बोलून दाखवली होती, आणि आपले दिग्दर्शक तो मुकाट्याने कापतात. मी तो ठेवीन. तत्त्वासाठी मरायला निघालेले माणूस मरणाच्या दारात अडखळत हिशेब मांडते, हे खोटे वाटत नाही.

आता हीमॉनच्या प्रवेशाकडे येतो, कारण आपल्या नदीकाठी बसलेल्या प्रेक्षकाला तो जितका कळेल तितका क्वचितच कोणाला कळेल. हीमॉन हा क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर. तो ओरडत येत नाही. ‘बाबा, मी तुमचाच आहे’ अशा आशयाने सुरुवात करतो. मग सांगतो की तुमच्या चेहऱ्याला भिऊन लोक तुमच्यापुढे बोलत नाहीत, पण अंधारात सगळे शहर त्या मुलीसाठी हळहळते आहे. आणि मग म्हणतो की पुराच्या वेळी काठावरची जी झाडे वाकतात ती डहाळ्यांसकट वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. हे वाचताना तुकोबांचे ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ आठवले नाही असा मराठी वाचक विरळा, आणि 2005, 2019, 2021 चे पूर पाहिलेल्या सांगलीकराला तर आयर्विन पुलाखालून गेलेली झाडेही आठवतील. पण तुकोबांचा हा चरण आपण घराघरांत कोणाला ऐकवतो, ते पाहावे. लेकरांना, सुनांना, नव्याने नोकरीला लागलेल्यांना; म्हणजे जे आधीच वाकलेले असतात त्यांना. हीमॉन तोच दाखला राजाला देतो. लव्हाळे होण्याचा उपदेश वरच्याला करायचा, हे त्या प्रवेशाचे धाडस आहे, आणि ते मुलाच्या अदबीतून यायला हवे. बापाच्या अंगावर धावून जाणारा हीमॉन पहिल्या मिनिटापासून आणला की हा दाखला वाया जातो. पुढे वाद चढतो, ‘एकाच माणसाचे असते ते शहरच नव्हे’ हे वाक्य येते आणि आपली टाळी घेते, घेऊ द्यावी. पण टाळीच्या आधीची शांत पन्नास-साठ वाक्ये कापून ती घेऊ नये.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले तो मुद्दा. थीब्जचे वृद्ध.

सॉफोक्लिसने कोरसमधली माणसे बारावरून पंधरा केली, असे परंपरा सांगते. आपण ती पंधरावरून शून्यावर आणली. स्पर्धेच्या तासाभरात बसवायचे म्हणून, गाणी कोण म्हणणार म्हणून, मुलांना कळत नाही म्हणून. काही ठिकाणी त्यांच्या जागी एक निवेदिका काळ्या साडीत येऊन कविता म्हणते. हे करताना आपण नाटकातला सर्वांत महत्त्वाचा गुन्हेगार पळवून लावतो, असे माझे मत आहे.

त्या वृद्धांची वाक्ये सलग लावून पाहावीत. क्रेऑन हुकूम ऐकवतो तेव्हा ते म्हणतात, मेलेल्यांना आणि जित्यांना कोणताही कायदा लावायचा अधिकार आपल्याला आहे. ना विरोध, ना पाठिंबा. मग तो त्यांना हुकुमावर लक्ष ठेवायला सांगतो, तर म्हणतात, हे ओझे कोणा तरुणावर घाला. अँटिगनीला पकडून आणतात तेव्हा ते तिच्या बापाच्या हट्टाची आठवण काढतात. बापलेकांचा वाद होतो तेव्हा त्यांचा अभिप्राय असा की महाराज, तो काही योग्य बोलला असेल तर आपण ऐकावे, आणि मुला, तूही यांचे ऐकावे. दोघेही छान बोललात. अँटिगनी गुहेकडे निघते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्याच डोळ्यांनी ते तिला सांगतात की तुझ्या हट्टी स्वभावानेच तुझा घात केला. कोणत्याही गावच्या ग्रामसभेत, संस्थेच्या वार्षिक बैठकीत किंवा सोसायटीच्या अध्यक्षांसमोर ही वाक्ये मी जशीच्या तशी ऐकलेली आहेत.

याच्या आधीच अँटिगनीने क्रेऑनला तोंडावर सांगितलेले असते की हे सगळे माझ्याच बाजूचे आहेत, भीतीने यांच्या जिभेला कुलूप घातले नसते तर बोलले असते. क्रेऑन हसण्यावारी नेतो: सबंध थीब्जमध्ये असे तुला एकटीलाच दिसते. वृद्ध तिथेच उभे असतात आणि काही बोलत नाहीत. ते रंगमंचावर हजर नसतील तर अँटिगनीचे हे वाक्य हवेत बोट दाखवून म्हणावे लागते. ते हजर असतील तर ती पंधरा चेहऱ्यांकडे पाहून म्हणते, आणि पंधराही चेहरे दुसरीकडे वळतात. हा क्षण ज्याला मिळतो आहे त्या दिग्दर्शकाने तो वेळेच्या हिशेबात कापावा, याचे मला खरोखर नवल वाटते.

पुढचे अधिक विलक्षण आहे. टायरेसियस शाप देऊन निघून जातो. मग म्हातारे, नाटकात पहिल्यांदाच, स्वच्छ बोलतात: आमचे केस काळ्याचे पांढरे झाले, पण या माणसाचे भाकीत कधी खोटे ठरलेले आम्ही पाहिले नाही. आणि क्रेऑन, जो मुलापुढे नमला नाही, मरायला निघालेल्या भाचीपुढे नमला नाही, तो विचारतो, मग मी काय करू? सांगा, मी ऐकतो. ते सांगतात की आधी जा, मुलीला सोडव, आणि मग त्या प्रेतासाठी थडगे बांध. तो का-कू करतो, पण तिथल्या तिथे मानतो. म्हणजे म्हाताऱ्यांच्या शब्दाला वजन होते. ते पहिल्या प्रवेशातही असणार. ते वापरले गेले नाही, इतकेच. अन्यायी सत्तेबद्दल या नाटकाला काही सांगायचे असेल तर माझ्या मते ते या ठिकाणी आहे, आणि कोरस कापलेल्या प्रयोगात नेमकी हीच जागा सापडत नाही. तिथे क्रेऑन एका द्रष्ट्याच्या शापाला घाबरून बदलतो आणि गोष्ट चमत्काराची होते.

त्यानंतरही एक पेच आहे. वृद्धांनी सांगितलेला क्रम क्रेऑन उलटा करतो. आधी प्रेताकडे जातो, त्याला धुतो, दहन करतो, वर मातीचा ढीग रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हीमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि तो तीच तलवार स्वतःच्या पोटात घालतो. बातमी ऐकून राणी युरिडिसीही जीव देते. क्रेऑन जिवंत राहतो. आधी कागद पुरा करायचा आणि माणसाकडे मग पाहायचे, ही त्याची सवय अखेरच्या क्षणीही सुटत नाही. हे निरोप्याच्या भाषणात अवघ्या काही ओळींत आहे. त्या ओळींवर लाल पेन्सिल फिरवू नये.

कोरस आपल्या मातीतला नाही, प्रेक्षकांना तो परका वाटतो, ही सबब तर सांगलीत कोणी सांगूच नये. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधार आणि त्याचे साथीदार प्रयोगभर रंगमंचावर उभे राहून पदे म्हणत होते. पात्रे येत-जात होती, ते मात्र हलत नव्हते. ज्या गावाच्या रंगभूमीचा जन्मच असा झाला तिथे पाच म्हातारे तासभर उभे करणे अवघड का व्हावे?

आपल्या ग्रंथांतही सभा आहे, आणि ती अशीच बसलेली आहे. द्रौपदीने भर सभेत विचारलेल्या प्रश्नाला भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे उत्तर दिले. बोलला तो कौरवांपैकीच विकर्ण, आणि त्याला कर्णाने गप्प बसवले. विराटाच्या दरबारात कीचकाने तिला लाथ मारली, तर विराट म्हणाला की तुमचे आपसातले भांडण मला ठाऊक नाही. याच कथेवर सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. त्यात कीचक तर पुरता खलनायक आहे आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, ते नाटक सरकारला झोंबले, मग आमच्या क्रेऑननेच काय घोडे मारले, असे आपण मला विचाराल. विचारणे रास्त आहे. कीचकात लोकांनी व्हाइसरॉय कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली, हे खरे. पण तो प्रयोग पाहिलेल्या एका इंग्रजाचे वर्णन इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलच्या पुस्तकात आहे, ते पाहावे. कपाळाला आठ्या घालून बसलेले पुरुष आणि डोळे पाणावलेल्या स्त्रिया यांच्याबरोबरच त्याला दिसला तो युधिष्ठिराच्या सोशिकपणाबद्दलचा प्रेक्षकांचा तिरस्कार. म्हणजे कीचकाचा न्याय लोक घरूनच करून आले होते. नाटकगृहात त्यांना खटकत होता तो आपल्याच बाजूचा, थांबा म्हणणारा शहाणा माणूस. खाडिलकरांनी खलनायक ठेवला, पण खरा वाद त्याच्याशी न लावता सोसणाऱ्यांत आणि न सोसणाऱ्यांत लावला. शिवाय तिथे भीम आहे आणि शेवटी वध आहे. शोकांतिकेत भीम येत नाही.

खाडिलकरांच्याच ‘भाऊबंदकी’बद्दल साताऱ्याच्या मंडळींना वेगळे सांगायला नको, कारण रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि शास्त्रीबुवांनी पेशवेपदावर बसू पाहणाऱ्या रघुनाथरावांना त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, मग पद सोडून वाईजवळच्या पांडववाडीत जाऊन राहिले. हा प्रवेश आपण नेहमी दोन नटांत आणि दोन प्रकाशझोतांत करतो. माझी विनंती अशी की दरबार भरलेला दाखवावा. रामशास्त्री बोलतात तेव्हा त्यांच्या मागे-पुढे मानकरी, कारकून, मुत्सद्दी बसलेले असावेत, आणि शास्त्रीबुवा निघून गेल्यावर पडदा लगेच पाडू नये; दरबारातले उरलेले लोक पुढच्या कामाची कागदपत्रे काढताना दिसावेत. राघोबाही दुष्ट दिसता कामा नये. पुतण्याचा खून पचवू पाहणारा, पण मनाला टोचणी लागलेला चुलता तो. त्याला शास्त्र्यांच्या निवाड्याची भूक आहे म्हणून तर तो विचारतो. अँटिगनीपेक्षा शास्त्रीबुवांचे सोपे होते, असेही कोणी कधी दाखवावे: त्यांच्यापाशी पद होते, शास्त्र होते, सोडून जायला एक गाव होते. त्या मुलीपाशी यातले काहीच नव्हते.

सत्ताधाऱ्यानेच वेळीच शहाणपण दाखवल्याची उदाहरणेही आपल्यापाशी आहेत, आणि क्रेऑन करणाऱ्या नटाने ती मनात ठेवावीत, म्हणजे आपण काय गमावतो आहोत हे त्याला कळेल. रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा राम म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’, आता हा जसा तुझा तसाच माझा. 1659 मध्ये वधानंतर अफझलखानालाही प्रतापगडाच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यात, माती मिळाली.

आपल्या दोन जिल्ह्यांत 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले, त्याच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात आणि सांगितल्या जाव्यात. ऐकणाऱ्याला वाटते की तेव्हा प्रत्येक घरातून कोणीतरी भूमिगत होते. जे ओट्यावर बसून दोन्हीकडचे ऐकत राहिले त्यांची गोष्ट कोणाच्याच घरात सांगितली जात नाही, आणि ते संख्येने थोडे असतील असे मला वाटत नाही. सॉफोक्लिसने त्यांना पंधरा जागा दिल्या. तो स्वतः सत्तेबाहेरचा माणूस नव्हता. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्याबरोबर सामोस बेटावरच्या मोहिमेत तो सेनापती होता. कारभारी मंडळी कशी बोलतात आणि कशी गप्प बसतात हे त्याने जवळून पाहिलेले असणार.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. एका तासात बसवायचे तर कापावे लागेलच. कोरसची लांब पदे कापा. माणसाच्या कर्तबगारीचे सुप्रसिद्ध पदही चार ओळींवर आणता येते. वंशाच्या शापाची पूर्वकथा कापा. निरोप्याचे भाषण आखूड करा, फक्त क्रेऑन आधी कुठे गेला ते राहू द्या. पहारेकऱ्याचे विनोद निम्मे करा, पण आपला जीव वाचल्याचा आनंद आणि ओळखीच्या मुलीला संकटात ढकलल्याचे दुःख तो एकाच दमात सांगतो, ती ओळ राखा. हुकमाच्या ताबेदाराचे इतके प्रामाणिक वाक्य पुन्हा मिळायचे नाही. म्हाताऱ्यांची वर सांगितलेली वाक्ये सगळी मिळून तीन-चार मिनिटांपलीकडे जात नाहीत.

मंडळातल्या सर्वांत चांगल्या नटाला क्रेऑन द्यावा. आणि कोरससाठी महाविद्यालयातल्या मुलांना पांढऱ्या दाढ्या चिकटवून उभे करू नये. साठी उलटलेले पाच जण पुरेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले, पूर्वी हौसेने कामे केलेले लोक सांगलीत आणि साताऱ्यातही हवे तेवढे मिळतात. त्यांना प्रयोगभर रंगमंचावर राहायचे असल्याने नेपथ्यात एक दगडी कट्टा घ्यावा आणि अँटिगनीला त्याच्या अगदी समोरून न्यावे. कोणा मंडळाला माणूस कमी पडत असेल तर मी यायला तयार आहे. तालीम संध्याकाळी सातनंतर असावी.

कळावे,

आपला,
एक जुना प्रेक्षक
गावभाग, सांगली